घोळ खा, पण तिचा रस पिऊ नका

प्रश्न : आमच्या कुंड्यांमध्ये घोळ आपोआप उगवते. तिच्यात माशांसारखं ओमेगा-३ असतं, म्हणून रोज सकाळी पेलाभर कच्चा रस घ्यावा, असा संदेश फिरतोय. घ्यावा का? आणि घोळ नक्की ओळखायची कशी?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : रस अजिबात घेऊ नका. घोळीत ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात साठून खडे करू शकणारं द्रव्य, पालकाइतकं, कधीकधी त्याहूनही जास्त असतं. पालेभाज्यांच्या कच्च्या रसाच्या अतिरेकाने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. ओमेगा-३ म्हणाल तर पालेभाज्यांमध्ये घोळ खरोखरच उजवी आहे. १०० ग्रॅम ताज्या पानांत ते साधारण ०.३ ते ०.४ ग्रॅम मिळतं. पण ते माशांतल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीरात त्याचं माशांतल्या प्रकारात रूपांतर फार थोडं होतं. मोठा चमचाभर जवसाच्या पुडीत तेच दीड ग्रॅमच्या आसपास असतं. त्यामुळे ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, आणि घोळ ही भाजी म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, हे बरं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही तिच्यात भरपूर असतं.

ओळखण्यासाठी काडी मोडून पाहा. घोळीचा देठ लालसर, गुबगुबीत आणि गुळगुळीत असतो, आतून पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण (दुधी भोपळा नव्हे). ते खायचं नाही. दोन्ही जमिनीलगत पसरतात, शेजारीशेजारी उगवतात आणि घाईत एकत्र खुडल्या जातात. म्हणून जुडी निवडताना प्रत्येक काडी पाहायचीच. तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा गटाराकाठची घोळ घेऊ नका.

पाण्याचा ताण पडला की हे रोप रात्री मॅलिक आम्ल साठवतं आणि दिवसा वापरून टाकतं. म्हणून पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, दुपारनंतरची सौम्य. बोंडं धरलेले जून देठ चरबट लागतात. शेंड्याकडची बोटभर काडीच घ्या.

आमच्या मते घोळ ताकातलीच करावी. ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात कमी जातं. पाव किलो घोळ तीन पाण्यांतून धुवा, कारण सांध्यांत माती अडकलेली असते. चिरून भरपूर उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. विरघळणारं बरंचसं ऑक्झलेट त्यातच उतरतं. लसूण-मिरचीची फोडणी करून घोळ आणि पाव वाटी भिजवून शिजवलेली हरभरा डाळ परता. दोन वाट्या ताकात मोठा चमचाभर बेसन कालवून मंद आचेवर ओता आणि ढवळत राहा. बेसन विसरलं किंवा आच मोठी झाली तर ताक फुटतं. मीठ शेवटी घाला. चिंच-आमसूल नको. भाजी बुळबुळीत वाटली तर झाकण न ठेवता थोडी आटवा.

प्रश्न : मला दोनदा मुतखडा झाला आहे. उकडून खाल्ली तर चालेल?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल, आणि बहुतेक खडे तेच असतात, तर घोळ टाळा. उकडून ऑक्झलेट कमी होतं, संपत नाही. मेथी किंवा कोबी खा. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनीही पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोळ खाऊ नये.