गावचं नमन पुन्हा सुरू करताना

शिमग्याला नमन, म्हणजे आपलं कोकणातलं नाच-गाण्यांचं लोकनाट्य, पुन्हा उभं करायचं म्हणतोयस, झकास! पण एवढ्यात वगनाट्य, भारी ड्रेपरी (वेशभूषा), लाइट यांच्या नादी लागू नकोस. पहिल्या वर्षी गण (गणपतीचं स्तवन) आणि गवळण (कृष्ण-गौळणींचा प्रसंग) धड झाली तरी पुष्कळ.

१. आधी गावकार-मानकऱ्यांना विचार. ग्रामदेवतेच्या पालखीचे दिवस ठरायच्या आत तारीख जाहीर केलीस, तर वर्ष फुकट गेलं समज.

२. जुन्या खेळ्यांकडे (नमन करणाऱ्या कलाकारांकडे) जाऊन बस. गाणी मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मृदंग वाजवणाऱ्याचे हात दिसतील असा व्हिडिओही घे. शब्द कुणाच्या तरी वहीत सापडतात. ठेका आणि पावलं नाही सापडत. नवी पोरं इथेच चुकतात. यूट्यूबवरून दुसऱ्या गावची चाल उचलतात, मग म्हातारे रुसतात (आणि बरोबरच रुसतात).

३. चाकरमानी मुंबईहून आयत्या वेळी उतरणार. त्यांना मागे झील धरायला, म्हणजे गाण्याला साथीचा सूर द्यायला, घे. संकासुराचं सोंग मात्र तालमीला रोज येणाऱ्यालाच दे.

वाड्यावाड्यांत कुरबुरी होणारच, तालमीची जागा आलटूनपालटून ठेव. वर्गणीचा हिशेब देवळात लाव. रात्री १० नंतर स्पीकर लावायचा असेल, तर पोलीस ठाण्यात आधीच विचारून घे.