रेडमाइनमधून तिकिटाचा इतिहास काढताना

रेडमाइन म्हणजे कामांची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्यातला डेटा आपण एपीआयने, म्हणजे प्रोग्राममधून विनंती पाठवून, काढतोय. अंबडच्या प्लांटला हवाय तो रिपोर्ट, म्हणजे कोणी कधी स्टेटस बदललं, तो इश्यूंच्या (म्हणजे तिकिटांच्या) यादीतून निघणार नाही. यादीवर जर्नल्स, म्हणजे तिकिटातल्या बदलांच्या नोंदी, मिळतच नाहीत. आधी यादीतून फक्त क्रमांक घे, मग एकेका इश्यूला ‘इन्क्लूड’मध्ये ‘जर्नल्स’ देऊन कॉल कर. यादीत एका वेळी जास्तीत जास्त 100 इश्यू येतात, पुढचे ऑफसेट (सुरुवातीचे किती सोडायचे तो आकडा) वाढवत आणायचे. आणि यादी मागताना स्टेटस आयडीला तारांकन (*) दे, नाहीतर फक्त उघडी तिकिटं येतील आणि बंद झालेली कुठे गेली म्हणून शोधत बसशील.

जर्नलमध्ये स्टेटसची जुनी आणि नवी किंमत (व्हॅल्यू) असते, पण नुसते आकडे: 2 वरून 5. नावं स्टेटसच्या यादीतून एकदाच आणून जवळ ठेव, दर ओळीला सर्व्हर कशाला छळायचा? तिकीट उघडल्याची नोंद जर्नलमध्ये नसते, ती ‘क्रिएटेड ऑन’मधून घ्यावी लागते. पहिलं स्टेटस हवं असेल तर पहिल्या स्टेटस-बदलातली जुनी किंमत बघ.

आता वेळेचं. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, येते. रात्रपाळीत 12 तारखेला पहाटे 2 वाजता बंद केलेलं तिकीट तुला 11 तारखेचे 20:30 दाखवेल. साडेपाच तास मिळव आणि मगच तारखेनुसार गट पाड. सुपरवायझर नेमकं हेच पकडतात.

एपीआयची की (ओळख पटवणारा गुप्त कोड) विनंतीच्या हेडरमध्येच पाठव, पत्त्यात (यूआरएलमध्ये) नको. पत्त्यात दिली तर सर्व्हरच्या लॉगमध्ये राहून जाते.