पुढं जेवढे गिअर, तेवढेच मागं

प्रश्न : मे महिन्यात शिर्डीहून परत येताना पोरांच्या हट्टापायी नगरच्या रणगाडा म्युझियमला गेलो. तिथं दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन गाडी आहे, नाव एवढं लांब की पाटी वाचताना पोरगा दोनदा अडखळला. सोबतचे पाहुणे म्हणाले, हिला मागच्या अंगाला पण ड्रायव्हर असायचा आणि स्टिअरिंग पण. मी म्हटलं थापा मारू नका. आता हापूसच्या एका पेटीवर पैज लागलीय. खरं काय? आणि चाकांच्या गाडीला रणगाडा म्हणायचं का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, पुढच्या सीझनची पेटी बाजूला काढा, पाहुणे खरं बोलले.

आधी ते नाव. श्वेरर पान्झरश्पेहवागन. जर्मन लोक शब्दाला शब्द चिकटवत जातात म्हणून घाबरायला होतं, नाहीतर श्वेर म्हणजे जड, पान्झर म्हणजे चिलखत, श्पेह म्हणजे टेहळणी आणि वागन म्हणजे गाडी, फोक्सवागनमधलं वागन तेच. जड चिलखती टेहळणी गाडी, बस्स. रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे नाहीत, चाकं आहेत, म्हणून रणगाडा नाही म्हणायचं, चिलखती गाडी म्हणायचं.

आता मागच्या ड्रायव्हरचं. आपल्याकडं वाडीत जाणारा रस्ता आठवा, दोन्हीकडं चिऱ्याचा गडगा, एकच गाडी जाईल एवढी जागा, आणि वळणावर समोरून एसटी येते. मग मान मोडेस्तोवर मागं बघत रिव्हर्स घ्यायचा, आरसा गडग्याला घासतो ते वेगळंच. एसटीच्या जागी तोफ आहे समजा. या गाडीचं काम लढायचं नव्हतंच, पुढं जाऊन शत्रू कुठंय ते बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जीव घेऊन परत यायचं. वळवत बसायला वेळ कुठला? म्हणून चौघांतला एकजण मागं तोंड करून बसायचा, एरवी वायरलेस सांभाळायचा आणि गडबड झाली की स्टिअरिंग त्याच्या हातात. आठ चाकी मॉडेलला तर पुढं जेवढे गिअर तेवढेच मागं, रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरच्या वर पळणारी गाडी उलटी पण तशीच पळायची, आणि आठही चाकं वळायची. आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्पच बसला.

पहिली मॉडेलं मात्र सहा चाकांची, साध्या ट्रकच्या चासीवर बांधलेली. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीला रणगाडे बनवायला बंदी होती, मग काय, ट्रकवरच भागवलं. रस्त्यावर ठीक, पण चिखलात रुतायची, म्हणून 1937 च्या सुमारास आठ चाकी आली. तिचं वजन सव्वाआठ टन, तोफ जेमतेम 20 मिमीची, आणि पुढचं चिलखत 15 मिमीच्या आसपास. जर्मनांच्याच टायगर रणगाड्याचं पुढचं चिलखत 100 मिमी होतं, म्हणजे बघा. रायफलची गोळी अडायची, रणगाड्याच्या तोफेपुढं पत्र्याचा डबा. काही गाड्यांच्या डोक्यावर लोखंडी खाटेसारखी फ्रेम दिसते फोटोत, ती वायरलेसची एरियल, कपडे वाळत घालायची नाही!

1941 मध्ये जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य आफ्रिकेत उतरलं तेव्हा वाळवंटात याच जातीच्या गाड्या पुढं असायच्या, आणि त्याच्यासमोर ब्रिटिशांच्या बाजूनं आपली चौथी इंडियन डिव्हिजन पण होती. कोकणातली पोरं त्या युद्धात कुठंकुठं गेली ते बघायचं तर रायगडातल्या माणगावला उतरा, यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. पळसगावचा हा पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक, 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनच्या मोर्च्यावर एकटा चालून गेला, मोर्चा घेतला आणि तिथंच गोळी लागून पडला. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला, वय 22.

पुढल्या वेळी नगरला गेलात की त्या गाडीच्या मागच्या बाजूला जा, मागच्या ड्रायव्हरला बाहेर बघायची झडप कुठं असेल ते पोराला शोधायला लावा. आणि पेटी पाहुण्यांनाच पाठवा, आम्हाला नको... बरं, अर्धा डझन चालतील.