पाचवा महिना संपत आला, बाळ मान धरत नाही

“नजर देत नाही, मान धरत नाही, पाचवा संपत आला.” अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आया बहुधा हेच सांगत येतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे कुटुंबही त्यासाठीच माझ्याकडे आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बाळ 31व्या आठवड्यात झालेलं, जन्मवजन 1350 ग्रॅम. घरात जावेचा मुलगा त्याच वयाचा, तो केव्हाच पालथा पडायला लागलेला. अशा घरात ‘तुलना करू नका’ म्हणून काही उपयोग नसतो. त्यापेक्षा हिशेब मांडून दाखवावा.

पूर्ण दिवस 40 आठवड्यांचे, हे बाळ 9 आठवडे आधी आलं. आज ते 22 आठवड्यांचं, म्हणजे विकासाच्या हिशेबानं 13 आठवड्यांचं, जेमतेम तीन महिन्यांचं. तीन महिन्यांच्या बाळाची मान थोडी डुगडुगणारच. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत वय असंच मोजायचं; हे ‘दुरुस्त वय’. लशी मात्र जन्मतारखेनुसार.

डोळ्यांची पहिली तपासणीही जन्मतारखेनुसारच, आणि घोळ होतो तो इथे. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पोटात जवळजवळ शेवटपर्यंत चालू असते. बाळ लवकर आलं तर ती अर्धवट राहते, वाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. याला आरओपी म्हणतात. वरून डोळा टपोरा, स्वच्छ दिसतो. म्हणून 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासायचा; फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन मिळालं तर नजर वाचते. या बाळाची पहिली तपासणी झाली होती, ‘दोन आठवड्यांनी परत या’ असं कार्डावर लिहिलेलंही होतं. पण डोळे छान दिसतात म्हणून कोणी गेलंच नाही. मी सांगितलं, बाकीचं नंतर बोलू, आधी हे. पडदा नीट निघाला, तेव्हा कुठे पुढचं बोलणं सुरू झालं.

मग आजींना म्हटलं, घरी कसं खेळवता ते दाखवा. त्यांनी पिशवीतून दिवे लुकलुकणारा, गाणं म्हणणारा खुळखुळा काढून नाकासमोर धरला. बाळानं तोंड फिरवलं, बोटं फाकवली, उचकी दिली. “बघा, बघतच नाही!” अहो, ते दमलं! अशा बाळांना प्रकाश, आवाज, हालचाल सगळं एकदम झेपत नाही. खुळखुळा बाजूला ठेवून आजींनाच वाकायला सांगितलं, वीतभर अंतरावर, न बोलता. थोडा वेळ गेला. बाळाची नजर त्यांच्या ठसठशीत कुंकवावर येऊन थांबली. आजी हळूच डावीकडे सरकल्या; नजर जरा मागं राहिली, पण गेली.

दिवसभर बाळ घोडियात, म्हणजे कापडी झोळीच्या पाळण्यात असायचं. घोडियुं झोपेसाठी उत्तम, आपल्या बडोद्यात त्यावाचून घर नाही. पण झोळीत जागं पडलेल्या बाळाला दोन्हीकडे कापडच दिसतं, आणि हातपाय रेटायला जमीन नसते. पोटात शेवटच्या आठवड्यांत अंग मुडपून राहतं, त्यातून येणारा आवळपणा या बाळांना कमी मिळतो. म्हणून खांदे मागं पडतात, हात छातीपाशी येत नाहीत. जागेपणी सतरंजीवर कुशीवर, पाठीला पंचाची गुंडाळी लावून ठेवायचं, म्हणजे हाताला हात सापडतो. आईच्या छातीवर पालथं, दोन-दोन मिनिटं. आजी कौतुकानं त्याला उभं धरत, “पायांत जोर आहे हो.” तो जोर नसून ताठरपणाही असू शकतो, म्हणून उभं करणं थांबवलं आणि फिजिओथेरपिस्टना दाखवलं.

दुरुस्त वयाच्या तीन महिन्यांनंतरही बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल, हसत नसेल, बुबुळं सतत हलत असतील, चौथ्यानंतरही अंगठा मुठीत दाबलेला असेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर वय मोजत बसू नका. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात याची तपासणी मोफत होते.

निघताना आजींनी विचारलं, “मग वॉकर कधी आणू?” आणूच नका. त्यात मूल पंजांवर चालायला शिकतं आणि पडतंही.