पोहे लिहू की पोहा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदुरात सुदामानगरला राहते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकाचा ब्लॉग सुरू केला. आपल्या इंदुरी मराठी घरांतले पदार्थ, आतापर्यंत २६ लेख झाले. रोज पाच-सात जण वाचतात, त्यांतल्या चौघी माझ्या नणंदा-जावा. भाचा म्हणाला, "आत्या, लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, म्हणजे कीवर्ड टाक, गूगलवर वर येशील." म्हणून पोह्यांच्या लेखात 'इंदौरी पोहा रेसिपी' हे १४ वेळा घातलं, कीवर्डच्या रकान्यात ४० शब्द भरले. काडीचा फरक नाही. आता एक जण १५ हजारांत पहिल्या नंबरवर आणून देतो म्हणतोय. देऊ का? आणि मराठी ब्लॉगवर पोहे लिहू की पोहा?

उत्तर : पैसे देऊ नका, हे आधी. पहिल्या नंबरची हमी कोणालाच देता येत नाही, असं खुद्द गूगल सांगतं. जाहिरातीची जागा विकत मिळते, पण तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. त्या १५ हजारांत चांगलं स्टीलचं पातेलं आणि परात येईल, शिवाय उरतील.

आता तो ४० शब्दांचा रकाना. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी कीवर्ड भरायची पद्धत एके काळी खरंच होती. लोकांनी त्यात वाटेल ते कोंबलं, आणि क्रमवारीसाठी आपण तो रकाना बघत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीर करून टाकलं. भाचा तेव्हा बहुधा दप्तर घेऊन शाळेत जात असेल. त्याला रागावू नका. ही माहिती अजून गावभर फिरते आहे.

मी २७ वर्षं इथल्या एका मराठी वाचनालयात काउंटरवर बसले. कीवर्ड हा शब्द कानावर पडला नव्हता तेव्हापासून मी कीवर्डच लिहीत होते, फक्त पोस्टकार्डाहून लहान कार्डांवर. पुस्तक 'मधुमेह' या विषयाखाली नोंदवलेलं, आणि समोर उभ्या आजी विचारायच्या, "शुगरवर काही आहे का गं?" पहिल्या-दुसऱ्या वेळी मी मनातल्या मनात भाषांतर केलं. मग एक कोरं कार्ड घेतलं आणि 'श'च्या खणात लावलं : 'शुगर, पाहा : मधुमेह'. तुमचा सगळा प्रश्न त्या कार्डात आहे. लिहिणाऱ्याचा शब्द एक असतो, शोधणाऱ्याचा दुसरा.

तुम्ही पत्ता दिला होता म्हणून लेख उघडून वाचला. शीर्षक 'वाफाळती सकाळ'. दिवाळी अंकात शोभेल. पण पोह्यांची कृती हवी असलेला माणूस 'वाफाळती सकाळ' कशाला टाइप करेल? आणि खाली पहिलं वाक्य : 'इंदौरी पोहा रेसिपी ही इंदौरी पोहा रेसिपी म्हणून प्रसिद्ध असून इंदौरी पोहा रेसिपीसाठी लागणारे साहित्य…' अहो, घरी कोणी कृती विचारली तर असं बोलता का? एकच शब्द असा कोंबत राहणं गूगलच्या नियमांत स्पॅम धरलं जातं, म्हणजे फायदा दूरच, उलट नुकसान. आणि मराठीत तर ते चटकन उघडं पडतं, कारण आपला शब्द एका जागी गप्प बसत नाही. आपण पोहे भिजवतो, पोह्यांना फोडणी देतो, पोह्यांत बडीशेप घालतो, पोह्यांवर शेव भुरभुरतो. १४ ठिकाणी एकच अखंड तुकडा बसवायचा म्हटलं की विभक्ती मोडते, आणि वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच वास येतो की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

मी असती तर शीर्षक दिलं असतं 'इंदुरी पोहे घरी : वाफेवर मऊ कसे ठेवायचे'. आणि सुरुवात अशी :

'इंदुरात पोहे कढईतून थेट ताटलीत येत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवतात आणि त्या वाफेवर ते मऊ राहतात. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप, वरून कांदा, शेव आणि जीरावन हा इंदुरी मसाला.'

मोजून बघा. 'पोहे' एकदाच आलं आहे. पण इंदूर, वाफ, बडीशेप, शेव, जीरावन हे सगळं तीन ओळींत आलं, आणि हे पान कशाचं आहे ते माणसालाही कळलं, यंत्रालाही. 'वाफाळती सकाळ' फेकू नका, आतल्या एखाद्या परिच्छेदात तुमच्या आठवणीबरोबर ठेवा. फोटोच्या वर्णनाच्या जागी 'फोटो १' असं लिहिलंय, तिथे 'पातेल्यावरच्या परातीत वाफवलेले इंदुरी पोहे' लिहा. पोह्यांच्या लेखातून जीरावनाच्या लेखाकडे दुवा द्याल तेव्हा 'इथे क्लिक करा' नको, 'घरी केलेलं जीरावन' या शब्दांवरच दुवा ठेवा.

नुसत्या 'पोहा रेसिपी'साठी मात्र झगडू नका. तिथे वर्षानुवर्षं बसलेल्या हिंदी-इंग्रजी साइट्स आहेत. रात्री सराफ्यात, आपल्या इंदुरी खाऊगल्लीत, सगळ्या गाड्या लागल्यावर मधोमध नवा ठेला कुठे लावणार? त्यापेक्षा गल्लीतला, पण ज्याला हवं तो हमखास येईल असा कोपरा धरा. असे कोपरे कसे शोधायचे? गूगलच्या पेटीत दोन शब्द लिहा आणि थांबा. खाली सूचना उतरतात, त्या वहीत उतरवा. देवनागरीत लिहून बघा, मग रोमन लिपीत, कारण आपली बरीच मंडळी फोनवर मराठी रोमनमध्येच टाइप करतात. निकालांच्या मध्ये लोक आणखी काय विचारतात याची पेटी येते, तळाशी जवळपासचे शोध येतात. मला काय दिसलं ते सांगत नाही. जागा, भाषा आणि आधीचे शोध यांप्रमाणे ते बदलतं, तुम्हाला वेगळंच दिसेल.

त्याहून जुना उपाय म्हणजे बाहेरगावच्या नातेवाइकांना विचारणं. पुण्याच्या सुनेला फोन लावा. ती विचारेल, "जीरावन इथे मिळत नाही, त्याऐवजी काय घालू?" झालं. हा कीवर्ड आहे, आणि एका अख्ख्या लेखाचा विषय आहे. 'वाफवताना पोहे गोळा होतात' हा दुसरा. हे प्रश्न मोठ्या साइटवाल्यांना सुचत नाहीत, कारण त्यांनी परात पातेल्यावर ठेवलेलीच नसते.

आता पोहे की पोहा. पोहे लिहा, निःशंक. पान कोणत्या भाषेत आहे हे गूगल समोर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, कोडमध्ये भाषेचं नाव लिहिलंय की नाही यावरून नाही. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, तेव्हा तुमची वाक्यं जितकी सरळ मराठी, तितका घोळ कमी. 'इंदौरी पोहा रेसिपी' १४ वेळा लिहून तुम्ही मराठी पानाला हिंदीचा टिळा लावत होतात. ठेल्यावर उभं राहून आपणही 'भिया, एक पोहा' असंच म्हणतो, म्हणून एका वाक्यात सहज लिहा की इथे ठेल्यावर पोहा मागायचा, घरी पोहे करायचे. हे झालं तुमचं 'पाहा' कार्ड. इंदूर-इंदौर, जीरावन-जिरावण यांचं तसंच : एकदा उल्लेख पुरे. शब्दांची वेगवेगळी रूपं गूगलला बऱ्यापैकी ओळखता येतात, पण मराठीच्या सगळ्या रूपांवर मी अजून तेवढा विश्वास टाकत नाही.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या पानाची. मी गराडूवर लिहिलं होतं : थंडीतला सराफा, तळलेल्या फोडी, वर मसाला, लिंबू, वडिलांचा हात धरून उभी असलेली मी. मग सर्च कन्सोल बघितलं. हे गूगलचं फुकट साधन आहे, तुम्ही अजून घेतलेलं दिसत नाही, आजच घ्या. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, साधारण कितवं होतं, हे सगळं त्यात कळतं, आणि १६ महिन्यांपर्यंतचं मागचं बघता येतं. माझं पान दिसत होतं, उघडत कोणी नव्हतं. लोक विचारत होते, 'गराडू म्हणजे काय', 'गराडू म्हणजे सुरण का'. आणि मी बापडी वडिलांच्या कोटाच्या खिशाबद्दल लिहीत होते. गराडू हा कोनफळाच्या जातकुळीतला कंद, सुरण वेगळं, एवढं सांगणाऱ्या चार ओळी सुरुवातीला घातल्या आणि शीर्षक बदललं. खिसा तसाच ठेवला. त्यानंतर उघडणारे आले, आणि त्यांतल्या दोघांनी खिशाबद्दल लिहूनही कळवलं.

हे सगळं करण्याआधी एक बघून घ्या. वाचनालयात नवं पुस्तक कपाटात लावायचंच राहून जायचं आणि मग आम्ही म्हणायचो, कोणी नेत कसं नाही! तुमचा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग नावाचं पान आहे, तिथे सर्च इंजिनांना 'येऊ नका' सांगणारी एक चौकट असते. ब्लॉग उभा करताना कोणी तिच्यावर खूण केली आणि काढायची विसरली, तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. सर्च कन्सोलमध्ये एकेका पानाचा पत्ता टाकून ते गूगलकडे नोंदलंय का, तेही कळतं.

आणि चार महिने म्हणजे काहीच नाही. काही बदलांचा परिणाम तासांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात. २६ लेख एकदम दुरुस्त करायला बसू नका. आठवड्याला दोन घ्या. गराडूचे, तिळाचे थंडीआधी, रंगपंचमीच्या गेरीवर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीवर, काही लिहिलं असेल तर ते होळीच्या बरंच आधी.

प्रश्न : काकू, मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो, कॉलेजात आहे. आजोबांनी जुन्या ग्वाल्हेरवर लिहिलेले लेख आहेत. काही त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेले, काही छापील कात्रणं. कात्रणांचे फोटो आणि टाइप केलेला मजकूर मी साइटवर टाकला. शीर्षकात कीवर्डही नीट घातले. तरी लेखातलं वाक्यच्या वाक्य शोधलं तरी सापडत नाही.

उत्तर : अरे, आजोबांनी कोणत्या फॉन्टात टाइप केलंय ते बघ. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, यायच्या आधीच्या मराठी फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठव. मराठी दिसलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर गूगललाही तीच खिचडी दिसते आहे. त्यात कीवर्ड कुठून सापडणार?

ही चूक माझ्याच हातून झालेली आहे. वाचनालयाची अख्खी यादी मी तीन महिने संध्याकाळी बसून जुन्या फॉन्टात टाइप केली, साइटवर चढवली आणि पेढे वाटले. एकही पुस्तक शोधून सापडेना. जुन्या फॉन्टातून युनिकोड करणारी साधनं मिळतात, त्यांनी बरंचसं काम होतं. पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, तेव्हा नजर घालावीच लागते.

कात्रणांचे फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघड, मजकूर बराचसा निघतो. छपाई पुसट असेल तर मात्र आजोबांना मोठ्याने वाचायला सांग आणि तू फोनवर मराठी बोलून टायपिंग कर. माझ्या मते तेच बरं. वाचताना ते मध्येच थांबून जे सांगतील ते कात्रणात नसणार, तेही घे. फोटो ठेव, पण खाली मजकूर मजकूर म्हणून असू दे.

प्रश्न : बडोद्याहून लिहितोय. पानाच्या पत्त्यात मराठी शब्द ठेवले तर रँक वाढतो का?

उत्तर : पत्त्यातल्या शब्दांनी जवळपास काहीच वाढत नाही. चालतं दोन्ही. पण देवनागरी पत्ता कॉपी करून कोणाला पाठवलात की बहुतेक ठिकाणी प्रत्येक अक्षराचे नि मात्रेचे नऊ-नऊ चिन्हांत तुकडे होतात. 'पोहे' एवढ्याशा शब्दाची ३६ चिन्हं, टक्क्यांच्या खुणांसकट. माझ्या बहिणीला असा एक दुवा पाठवला तर तिने व्हायरस समजून मला फोन केला. पत्ता छोटा, रोमन ठेवा.