वाचकांचे प्रश्न : जपानची १०३ मालिका लोकल

प्रश्न : जपानच्या १०३ मालिकेचे ३,४४७ डबे बनले. एकाच जातीचे इतके डबे कशासाठी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मूळ अडचण विजेची होती. हिच्या आधीच्या, १९५७च्या १०१ मालिकेत सगळ्याच डब्यांना मोटार द्यायचा बेत होता, पण तेवढा प्रवाह उपकेंद्रांना झेपेना. म्हणून अर्धे डबे बिनमोटारीचे ठेवूनही चटकन वेग घेईल अशी गाडी आखली गेली : ११० किलोवॉटच्या मोटारी, ६.०७ गिअर गुणोत्तर (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटारीचे ६.०७ फेरे), मोठी मोटार मावावी म्हणून मोटार डब्यांना ९१० मिमी व्यासाची चाके. १९६४ पासून ती टोकियोच्या यामानोते मार्गावर धावू लागली. तिथे स्थानके साधारण एकेक किलोमीटरवर, आणि सतत थांबत-निघत राहणे हेच तिचे काम. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असल्याने १९८४ पर्यंत तीच बनत राहिली. मात्र जोबान रॅपिडसारख्या लांब टप्प्यांच्या मार्गांवरही तिलाच जुंपले, हे आमच्या मते चुकले. वेग वाढला की तिच्या मोटारींचा जोर ओसरतो आणि घरघर वाढते.

प्रश्न : ती वीज फार खाते असे का म्हणतात? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तारेत १५०० व्होल्ट डीसी, मुंबईच्या लोकलही २०१६ पर्यंत काही मार्गांवर याच दाबावर चालत. निघताना एवढा दाब थेट मोटारींना दिला तर प्रवाह बेसुमार वाढेल. म्हणून मोटारी आधी एकसरीत जोडतात, वाटेत रोधक घालतात, वेग वाढेल तसे रोधक एकेक करून वगळतात आणि मग मोटारी समांतर जोडतात. त्या काळात रोधकांत गेलेली वीज उष्णता होऊन उडून जाते. ब्रेक लावतानाही तेच, कारण मोटारींनी तयार केलेली वीज रोधकांतच जिरते. उघड्यावर हे खपून जाते, बोगद्यात नाही. टोकियोच्या चियोदा भुयारी मार्गावर चालणाऱ्या १०३-१००० उपप्रकाराने बोगदा तापू लागला. तिथे १९८२ पासून चॉपरवाली, म्हणजे रोधकांऐवजी प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून मोटारींचा दाब सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची, २०३ मालिका आली. चॉपरने ब्रेकची वीज तारेत परत जाते, पण तो महाग. १९८५च्या २०५ मालिकेने स्टेनलेस डबे आणि स्वस्त नियंत्रण यांतून तो खर्च टाळला. १०३ची खरी जागा तिनेच घेतली.

प्रश्न : मग ती इतकी वर्षे कशी टिकली? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाडी एका मार्गावरून निघाली की दुसऱ्यावर जाते. यामानोतेवरून १०३ गेली १९८८ मध्ये, पण पूर्व जपान रेल्वेच्या जोबान रॅपिडवर ती २००६ पर्यंत होती. १६ डबे २००४ मध्ये जकार्तालाही गेले.

पश्चिम जपान रेल्वेने तिचे आयुष्य मुद्दाम वाढवले. पोलादी डब्याला गंज आधी धरतो तो खिडकीच्या खालच्या कडेला आणि दार सरकून आत जाते त्या पोकळीत, कारण तिथे पाणी साचते. १९९६ पासूनच्या मोठ्या नूतनीकरणात पत्रा बदलला, खिडक्या नव्या बसवल्या, दाराच्या पोकळीवरच्या खिडक्या बंद केल्या. वातानुकूलनाचे काम त्याआधीचे, आणि तेही नुसता छतावर पेटारा बसवण्याचे नव्हते : छत मजबूत करावे लागे, शिवाय डब्यांतल्या उपकरणांना वीज पुरवणारा जुना २० केव्हीए क्षमतेचा मोटार-जनित्र संच अपुरा पडत असल्याने १६० केव्हीएचा लागे.

ओसाका लूप या वर्तुळाकार मार्गावरची शेवटची फेरी ३ ऑक्टोबर २०१७ची. नारा मार्गावरून ती मार्च २०२२ मध्ये उतरली. कोबेच्या वादामिसाकी शाखेवर, २.७ किलोमीटर आणि दोनच स्थानके, एकच आकाशी रंगाची सहा डब्यांची गाडी १८ मार्च २०२३ पर्यंत धावली. अशा शाखेवर वेगाची उणीव जाणवतच नाही. प्रत्यक्ष डबा पाहायचा असेल तर क्योटो रेल्वे संग्रहालयात कुहा १०३-१, म्हणजे नियमित उत्पादनातला पहिल्या क्रमांकाचा चालक-कक्ष डबा, नारिंगी रंगात ठेवला आहे.