वाचकांचे प्रश्न: कनेक्शन ढीगभर, मग चौकशी का येत नाही?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं कारखान्यांमधल्या एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचं काम आहे, मी आणि भाऊ मिळून बघतो. लिंक्डइनवर दोन हजारांच्या वर कनेक्शन झालेत, दर आठवड्याला पोस्ट टाकतो, लाइकही बऱ्यापैकी येतात, पण कामाची चौकशी म्हणाल तर एक नाही. नुसता वेळ जातोय असं वाटायला लागलंय. बंद करू का हे सगळं?

उत्तर: बंद नका करू. आधी एक करा, मागच्या चार-पाच पोस्ट उघडा आणि लाइक कोणी केलंय ती नावं नीट बघा. मला वाटतं त्यात बरेचसे तुमच्याच लाइनमधले निघतील, दुसरे सर्व्हिसवाले, स्पेअर पार्ट विकणारे, जुन्या नोकरीतले सहकारी वगैरे. माणसं चांगली असतील पण तुम्हाला काम देणारी ही नव्हेत ना. काम देतो तो मेंटेनन्स मॅनेजर, प्लांट हेड, युटिलिटी (वीज, हवा, पाणी) सांभाळणारा इंजिनिअर, आणि कारखाना लहान असेल तर थेट मालक. तुमच्या दोन हजारांत असे किती आहेत ते मोजा, खरा आकडा तोच.

आता असे लोक शोधायचे कसे, तर सर्चमध्ये हुद्दा इंग्रजीत आणि अवतरणचिन्हांत टाका, एकाहून जास्त हुद्दे हवे असतील तर मध्ये इंग्रजीत 'ऑर' (OR) टाका पण तो पूर्ण कॅपिटल अक्षरांत, स्मॉलमध्ये टाकला तर उपयोग नाही. मग ठिकाणाचा फिल्टर लावा आणि कनेक्शनच्या फिल्टरमध्ये 'सेकंड' निवडा. सेकंड म्हणजे तुमच्या ओळखीच्याच्या ओळखीचा माणूस, आणि माझ्या मते धंद्यासाठी या साइटचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, तो बहुतेक लोक वापरतच नाहीत. फुकटच्या अकाउंटवर सर्चला महिन्याची मर्यादा असते आणि ती 1 तारखेला नव्याने सुरू होते, त्यामुळे उगाच चाळत बसू नका, काय शोधायचंय ते ठरवून मगच बसा.

सेकंडवर एवढा जोर का, तर मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली एक निबंध लिहिला होता, ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं की ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा, आणि नेहमी भेटणारा असं सांगणारे फक्त 16.7 टक्के निघाले, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. हे नोकरीबद्दल आहे हे मान्य, पण कामाच्या चौकशीलाही तेच कारण लागू होतं की रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी थोड्या लांबच्या माणसाकडूनच येते. म्हणून प्लांट हेडचं प्रोफाइल सापडलं की लगेच रिक्वेस्ट टाकू नका, मध्ये कॉमन ओळख कोणाची दिसतेय ते बघा आणि त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. 'अमुक साहेबांना तुम्ही कितपत ओळखता, माझं नाव सांगितलं तर चालेल का' एवढंच विचारा. तो नुसता साइटवर ओळखत असेल तर तसं सांगेल, सोडून द्या, पण खरंच ओळखत असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

दुसरं म्हणजे वेळ साधा. एखादी कंपनी नव्या प्लांटसाठी मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागा भरतेय, किंवा कुठे नवा मेंटेनन्स हेड जॉइन झालाय, अशा वेळी जुने व्हेंडर परत तपासले जातात. हे सगळं साइटवर उघड दिसतं, जाहिरात नोकरीची असते पण तुमच्यासाठी ती कामाची खबर आहे.

आणि पोस्टबद्दल. 'आमची सेवा तत्पर' छाप पोस्ट आता बंद करा. मेंटेनन्सवाल्याला उद्या वापरता येईल असं काहीतरी द्या. उदाहरणार्थ हवेची गळती, नीट देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या हवेतली 20 ते 30 टक्के नुसती गळतीत जाऊ शकते हे तुम्हाला माहीतच आहे. ती मोजायची पद्धत लिहा: प्रॉडक्शन बंद असताना लोड-अनलोडवर चालणारा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, तो किती वेळ लोडवर जातो (म्हणजे हवा भरतो) आणि किती वेळ अनलोडवर राहतो (म्हणजे हवा न भरता नुसता फिरतो) ते घड्याळ लावून मोजायचं, लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून शंभरने गुणलं की गळतीचा टक्का आला. समजा दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड, म्हणजे 25 टक्के. ही पोस्ट वाचून ज्याने आपल्याकडे मोजून बघितलं आणि आकडा बघून दचकला तो तुम्हाला स्वतःहून विचारेल, आणि लाइक कदाचित नेहमीपेक्षा कमीच येतील, येऊ देत.

प्रश्न: मॅडम, मी कंपन्यांसाठी ट्रेनिंग व्हिडिओ बनवते. रिक्वेस्ट अ‍ॅक्सेप्ट होते, मग मी लिहिते, 'कनेक्ट केल्याबद्दल धन्यवाद! आम्ही दर्जेदार व्हिडिओ वाजवी दरात बनवतो, सोबत प्रोफाइल जोडलं आहे, कृपया संधी द्यावी.' पुढे सामसूम. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचा मेसेज त्या माणसाच्या जागी बसून वाचा. त्यात त्याच्याबद्दल एक शब्द नाही, हाच मजकूर कोणालाही पाठवता येतो आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. शिवाय 'संधी द्यावी' म्हटलं की तुम्ही मागणारे होता, खरं तर तुम्ही त्याची अडचण सोडवणार आहात.

समजा तो एचआरमध्ये आहे आणि त्याच्या कंपनीत नवीन भरती चाललीय. मग असं लिहा: 'तुमच्याकडे ऑपरेटरची भरती सुरू आहे असं दिसलं. नव्या लोकांना मशीनवरचे सेफ्टीचे नियम शिकवायला सुपरवायझरचा किती वेळ जातो? एका कारखान्यासाठी आम्ही हेच छोट्या व्हिडिओंत बसवलंय, हवं असेल तर एक नमुना पाठवते.' बस. दर नाही, फाइल नाही, प्रश्न एकच आणि तोही त्याला सहज उत्तर देता येईल असा. अर्थात असं काम केलेलं असेल तरच ते वाक्य लिहायचं, नसेल तर आधी स्वतःच एक नमुना बनवून ठेवा. उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एकदा आठवण करायची, तीही काहीतरी नवीन देऊन, मग थांबायचं. आणि उत्तर आलं तर चॅटवर लांबवू नका, दहा मिनिटं फोनवर बोलू का विचारा, कारण दोन-चार मेसेजनंतर माणूस दुसऱ्या कामात जातो आणि तो धागा परत सापडत नाही.

प्रश्न: रोज आपोआप शंभर रिक्वेस्ट पाठवणारं सॉफ्टवेअर मिळतंय, घ्यावं का?

उत्तर: नाही. लिंक्डइनच्या नियमांत अशा टूलना स्पष्ट बंदी आहे, अकाउंट अडकवलं जातं आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या ओळखीसुद्धा हातच्या जाऊ शकतात. पैसे घालायचेच असतील तर साइटचंच सेल्स नेव्हिगेटर, म्हणजे गिऱ्हाईक शोधण्यासाठीची पैसे भरून मिळणारी सोय, महिनाभर वापरून बघा, त्यात नुकतीच नोकरी बदललेले लोक वेगळे काढता येतात. आधी पाठवलेल्या आणि तशाच पडून राहिलेल्या रिक्वेस्ट मात्र आजच मागे घ्या, फक्त एक लक्षात ठेवा, मागे घेतली की त्याच माणसाला साधारण तीन आठवडे परत रिक्वेस्ट पाठवता येत नाही, त्यामुळे ज्यांच्याशी लवकरच बोलायचंय त्यांच्या राहू द्या.